थोरल्या जावेचं कपाळ

अविराजच्या गालावरची तीट पुसायची नाही, हा कौसल्येच्या घरचा कायदा होता. नातू गोरा, गुटगुटीत, आणि शेळगावात नजरांना काय तोटा! रोज सकाळी अंघोळ झाली की ती करंगळीनं काजळाचा ठसठशीत ठिपका त्याच्या डाव्या गालावर टेकवी. पोराचा हात तिकडं गेला की बोटांवर हलकी चापटी बसे. "न्हाय! दृष्ट लागंल." पोर शहाणं. दीड वर्षाचं होता होता ते गाल खाजवायचा झाला तरी तिटेला वळसा घालून खाजवू लागलं. कौसल्या हे आल्यागेल्याला कौतुकानं दाखवी.

आरशाचंही तसंच. दात येईपर्यंत बाळाला आरसा दाखवत नाहीत. कौसल्येनं दात आल्यावरही दाखवला नाही. घरात आरसा एकच. सुनेच्या, सुप्रियाच्या उंचीला खिळ्याला टांगलेला, आणि त्याच्या कडेनं सुप्रियानं काढून चिकटवलेल्या टिकल्यांची रांग. पोराचं तिथं काय काम?

त्यामुळं पुढं जे झालं ते झालं.

बारामतीहून अश्लेषा नावाची मुलगी अंगणवाडीत आली. दोन वर्षांच्या आसपासचं निरोगी मूल नेमकं काय काय करू लागतं, हे पाच देशांत एकाच वेळी मोजायचं काम चाललं होतं. त्या पाचांत आपला देश होता, आणि आपल्याकडून शेळगाव, लोणी भापकर, बावडा अशी काही गावं घेतली होती. बायका हौसेनं जमल्या. ठोकळ्यावर ठोकळा ठेव, चेंडूला लाथ मार, पेल्यानं पाणी पी, चित्रातली गाय दाखव. अविराजनं सगळं केलं. गाईला तर त्यानं हाकसुद्धा मारली. शेवटी अश्लेषानं नाक पुसायचं निमित्त करून त्याच्या नकळत नाकाच्या शेंड्यावर लाल ठिपका उमटवला आणि त्याला मोठ्या आरशासमोर उभं केलं. आरशात बघून मूल स्वतःच्या नाकाला हात लावतं का, एवढंच बघायचं होतं. लावला, तर समोरचं पोर म्हणजे आपणच, हे त्याला उमगलं.

अविराजनं आरशात पाहिलं. ठिपका पाहिला. मग दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि आजीकडं वळून, 'बघ, मी हात लावला का?' अशा तोऱ्यात उभा राहिला.

त्याच्यानंतर पुष्करची पाळी आली. पुष्कर हा जयवंताचा नातू, आणि जयवंता म्हणजे कौसल्येची थोरली जाऊ. वाटणी होऊन घरं दोन झाली तरी मधली भिंत एकच होती. जयवंताच्या सुनेचं बावड्याला ब्यूटी पार्लर. पोर आईबरोबर रोज तिथंच असायचं, चारी भिंतींना आरसे असलेल्या खोलीत. पुष्करनं आरशात बघितलं, नाक चिमटीत धरलं, लाल झालेलं बोट निरखलं आणि अश्लेषाच्या ओढणीला पुसून टाकलं. टाळ्या पडल्या.

"कळतं गं आमच्याला," जयवंता पदर सावरत म्हणाली. "कौसे, तुझ्या नातवाला सोताचं तोंड वळखंना की! म्हस तरी पान्यात बघून मान हालवती."

"काकू, असं नका बोलू," अश्लेषा घाईघाईनं म्हणाली, "यात पास-नापास काही नसतं. आम्ही फक्त—"

पण पुढचं हशात बुडालं. कौसल्याही कसनुशी हसली आणि पोराला कडेवर घेऊन बाहेर पडली.

बोलून गेली, विसरेल, असं तिला वाटलं होतं. जयवंता विसरणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी दळणाच्या गिरणीत बायका अविराजचा गालगुच्चा घेऊन "आरसा दाखवू का रं?" म्हणाल्या. आणि त्याच संध्याकाळी जयवंतानं बारामतीला विजयसिंहाला फोन लावला. विजयसिंह म्हणजे कौसल्येचा एकुलता एक लेक, तिथल्या एमआयडीसीत कामाला. आठवडाभर खोलीवर राहायचा, शनिवारी घरी यायचा. जयवंता भिंतीपलीकडं मुद्दाम मोठ्यानं बोलत होती. "इजू, पोराकडं बघ बाबा. भाईरच्या देशातली परीक्षा व्हती, सगळी पोरं निघाली, आपलं ऱ्हायलं. म्हातारीच्या मागं फिरून मठ्ठ व्हाय लागलंय."

शनिवारी विजयसिंह आला तो ठरवूनच.

"आई, बारामतीत दोन खोल्या बघितल्यात. सुप्रियाला आन् अवीला घेऊन जातो. तितं बालवाडी हाय, चार पोरांत ऱ्हाईल."

"आरं, त्याला कळतं सगळं! मीच तीट पुसू देत न्हाय, म्हनून त्यानं हात लावला न्हाय."

"आई, निमित्तं नको सांगूस."

"निमित्त न्हाय रं—"

"सहा म्हैन्यांनी परत बोलावलंय त्यांनी, बारामतीला. तवर थांबतो. तवाबी असंच झालं तर मी कुनाचं ऐकायचा न्हाय."

सुप्रिया भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज एकदम हलका झाला, तो कौसल्येला ऐकू आला. सुनेला जायचंच होतं. म्हणजे या घरात पोर राहावं असं वाटणारी ती एकटी उरली, आणि पोर गेलं की घरातही ती एकटीच.

त्या रात्री तिनं जयवंताला शिव्याशाप दिले नाहीत. शापानं कुणाचं काही वाकडं झालेलं तिनं पाहिलं नव्हतं.

सोमवारपासून तिनं तीट बंद केली. सुप्रिया दुपारी बचत गटाच्या मसाल्याच्या कामाला गेली की ती दार लोटून घेई, खिळ्यावरचा आरसा उतरवून भिंतीला टेकवी आणि देव्हाऱ्यातल्या करंड्यातलं कुंकू अविराजच्या नाकावर लावी. "पूस, सोन्या. पूस की!" सोन्या हात पाठीमागं घेई. दोन वर्षं ज्या हातावर चापटी बसली तो हात एका आठवड्यात कसा ऐकणार? फार तर आरशाच्या कडेच्या टिकल्या खरवडून काढी आणि तिच्या तळहातावर आणून ठेवी.

मग तिच्या मनात आलं, आधी दुसऱ्याच्या तोंडावरचं पुसायला शिकवावं. दुसरं तोंड तिथं एकच होतं. तिनं अनामिका करंड्यात बुडवली आणि स्वतःच्या कपाळाला लावली.

आरशात तिनं पाहिलं ते पोराला बघण्यासाठी. दिसली ती स्वतः. नवरा भीमराव विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला त्याला नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून ते कपाळ तिनं असं भरलेलं पाहिलं नव्हतं. ती बघत राहिली. आणि जे आठवायचं नाही असं इतकी वर्षं ठरवलं होतं ते आपल्या पायांनी चालत आलं. तिला न्हाणीपाशी बसवलं होतं. पुढं कोण होणार म्हणून बायका एकमेकींकडं बघत होत्या. जयवंता म्हणाली होती, "सरा, मी पुसते." ओला पदर बोटाला गुंडाळून तिनं पुसलं होतं, जोर लावून, तव्याला करपलेलं खरवडावं तसं. पुढं कितीतरी दिवस कपाळाची कातडी चुरचुरत होती.

"आजी, लाल," अविराज म्हणाला.

"पूस," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

पोरानं हात वर केला, तिच्या तोंडाकडं बघितलं, चापटी येत नाही हे पाहिलं आणि तळव्यानं फर्रकन् पुसून टाकलं. कौसल्या हसली. नुसती हसली नाही, टाळ्या पिटल्या, त्याला उचललं आणि डब्यातला गुळाचा खडा त्याच्या तोंडात घातला.

पुढं शिकवणीला कसलीच अडचण राहिली नाही. आधी तिनं साधं बोटभर कुंकू लावलं. मग जयवंता लावते तसं, रुपयाएवढं. मग एक दिवस डोक्यावरून पदर घेतला, नाकातून आवाज काढला, "कौसे, काय करतीस गं?" आणि कपाळ पुढं केलं. अविराज खदखदून हसला आणि पुसलं. नाकावरच्या ठिपक्याचा धडाही ती घेत होती. कधी जमे, कधी नाही. पण मोठं कुंकू समोर आलं की तो नाक विसरे आणि कुंकवावर झेपावे. नाक पुसल्यावर समोर नुसती काच असते. कुंकू पुसलं की एक अख्खं माणूस खुशीत येतं. पोराला काय आवडणार!

हे तिला दिसत होतं. आपण दोन धडे शिकवतोय आणि एक दुसऱ्याला खातोय, हे न समजण्याइतकी ती साधी नव्हती. तरी ती थांबली नाही.

एकदा सुप्रिया लवकर आली. "आई, भुवईला काय लागलंय तुमच्या?"

"हळद आसंल."

"हळद लाल असती व्हय?"

"तुझ्या मसाल्याचा उडाला आसंल भुगा," कौसल्या म्हणाली आणि तोंड धुवायला गेली. सुप्रिया आरशाकडं बघत राहिली. त्याच्या कडेची एकही टिकली जागेवर नव्हती.

बारामतीचा दिवस आला. शेळगाव आणि बावड्याच्या मुलांसाठी मिळून जीप ठरवली होती. वाटेत जयवंतानं पुष्करला तीनदा पावडर लावली. सभागृहात बाहेरच्या देशांतले पाहुणे होते. उंच, चष्मेवाली एक बाई कॅमेरा लावून बसली होती. एका भिंतीला माणूसभर आरसा. विजयसिंह अर्धी सुट्टी टाकून आला होता, दाराशी हाताची घडी घालून उभा.

अश्लेषानं सगळ्यांना समजावलं. मुलाच्या ओळखीचं एक मोठं माणूस त्याच्याबरोबर आरशापाशी जाईल, रुमालानं त्याचं नाक पुसेल. रुमालाला रंग असेल. बाकीच्यांनी मागं बसायचं, काही सुचवायचं नाही.

पुष्करचं आटोपलं. त्यानं नाक पुसलं, जीभ दाखवली, आरशाचा मुका घेतला. पाहुण्या बाईनं अंगठा वर केला. जयवंता फुलून येऊन बसली आणि कौसल्येच्या कानाशी म्हणाली, "आज तरी वळखंल का गं तोंड? का इजूला सांगू, गाठुडं बांध म्हनून?"

"अविराज," अश्लेषानं नाव पुकारलं. सुप्रिया उठली. तिच्या कपाळाला मसुराएवढी टिकली होती. त्या टिकलीकडं पोर ढुंकून बघत नसे. सुप्रिया गेली असती तर समोर आरसा, नाक आणि ठिपका एवढंच उरलं असतं, आणि चार-पाच दिवसांपासून त्याचं नाक बरं जमत होतं. कौसल्येला हे पक्कं ठाऊक होतं. तिनं विजयसिंहाकडं पाहिलं. मग जयवंताच्या कपाळाकडं पाहिलं. आज पाहुणे म्हणून कुंकू नेहमीपेक्षा मोठं होतं.

"तू बस गं," तिनं सुनेचा हात धरला. मग मोठ्यानं म्हणाली, "ताई, आमच्या थोरल्या जाऊबाई जातील. पोराला त्यांचा लई लळा हाय."

सुप्रियानं चमकून पाहिलं. जयवंतालाही नवल वाटलं, पण कॅमेऱ्यासमोर थोरली म्हणून मान मिळतोय म्हटल्यावर ती कशाला नाही म्हणेल? "चल रं बाळा, आज्जीबरूबर," म्हणत ती पदर नीट करून गेली. त्याच्यामागं गुडघ्यावर बसली. रुमालानं नाक पुसलं. ठिपका उमटला.

अविराजनं आरशात पाहिलं. आधी आपलं नाक पाहिलं; उजवा हात जरासा उचललाही. विजयसिंहानं हाताची घडी सोडली. तेवढ्यात पोराची नजर वर गेली. आरशात त्याच्या डोक्याच्या वर, जयवंताच्या कपाळाला, रुपयाएवढं लाल कुंकू होतं. तो हसला. आरशाला त्यानं हात लावला नाही. गर्रकन् मागं वळला, खऱ्या जयवंताच्या खऱ्या कपाळावर तळवा ठेवला आणि भुवईपासून कानापर्यंत पुसून काढलं.

जयवंताला आधी कळलंच नाही. ती हसत होती. मग समोर आरसाच होता, त्यात तिला दिसलं. कोरं कपाळ, आणि कानशिलावर लाल फराटा. तिचं तोंड पिठासारखं झालं. तिचे मालक, बापूसाहेब, यांच्या हृदयात उन्हाळ्यातच दोन स्टेंट बसवले होते. "अगं बाई... अगं बाई गं," एवढंच ती म्हणत राहिली आणि जमिनीवर हातानं काहीतरी चाचपू लागली, जणू कुंकू खाली सांडलं होतं आणि गोळा करता आलं असतं.

कौसल्या बघत होती. नऊ वर्षं जे छातीत अडकून होतं ते सुटून सगळ्या अंगात ऊन ऊन पसरलं. आपण हसतोय हे तिला कळलं नाही.

अविराजनं टाळ्या पिटल्या. कुणी उचलून घेईना, म्हणून इकडंतिकडं बघितलं, बायकांमधून नेमकी तिला शोधली आणि तो लाल हात पुढं पसरून खणखणीत आवाजात म्हणाला, "आजी, गूळ!"

बायकांच्या माना वळल्या. विजयसिंहाची मानही वळली. त्यानं आईच्या तोंडाकडं पाहिलं, आणि कौसल्येच्या तोंडावरचं हसू तेव्हा कुठं विझलं. पण उशीर झाला होता.

चष्मेवाली पाहुणी काहीतरी विचारत होती, अश्लेषा तिला इंग्रजीत लांबलचक सांगत होती. मग अश्लेषा विजयसिंहाकडं आली. जयवंताकडं बघून ओशाळली होती, तरी डोळे चमकत होते. "दादा, असं मी अजून पाहिलं नव्हतं. आरशातल्या आजी खोट्या, खऱ्या आपल्या मागं आहेत, हे त्यानं क्षणात ओळखलं. नाकाला हात लावला नाही तरी काही बिघडत नाही. उलट प्रत्येक ठिकाणी मुलं घरी काय शिकतात ते आम्हाला मोजता येत नाही, हीच आमची अडचण आहे. मुलगा हुशार आहे तुमचा. काळजी करू नका."

"ऐकलंस का इजू?" कौसल्या पुढं झाली. "हुशार हाय म्हनाली. आता न्यायचं कारन ऱ्हायलं न्हाय."

विजयसिंहानं पोराला उचललं. खिशातला रुमाल काढून त्याचा तळवा पुसला, बोट न् बोट.

"हुशार हाय," तो म्हणाला. "म्हनूनच नेतो. जे शिकवशील ते शिकतंय, आई."

"आरं, तुझा बाप गेला तवा तिनं माझं—"

"मला ठाव हाय तिनं काय केलं. मी तितंच हुतो. ह्यो नव्हता." तो सुप्रियाकडं वळला. "कपडं शनिवारी आनू. चल."

सुप्रिया सासूच्या पाया पडली. अविराज बापाच्या खांद्यावरून सगळ्या बायकांना टाटा करत गेला. आजीलाही केला, तेवढाच, सगळ्यांना केला तसा.

परतीच्या जीपमध्ये बायकांनी मागची जागा दोघी जावांना सोडली. त्यांच्यामध्ये बसायची कुणाची छाती होईना. जयवंतानं पिशवीतल्या डबीतून नवं कुंकू लावलं होतं, वाकडं. पुष्कर तिच्या मांडीवर झोपला होता. बारामती मागं पडेपर्यंत ती फोन लावत होती. चौथ्या-पाचव्या वेळी बापूसाहेबांनी उचलला. "आगं, झोपलो हुतो, काय पेटलंय का?" हा त्यांचा आवाज साऱ्या जीपला ऐकू आला. जयवंतानं डोळे मिटून घेतले. कौसल्येलाही हायसं वाटलं, आणि हायसं वाटण्याआधी क्षणभर दुसरंच काही वाटलं होतं, ते तिनं कुणाला कधी सांगितलं नसतं.

ऊस तोडून मोकळी झालेली रानं मागं जात होती.

"कसं वाटलं, अक्का?" कौसल्येनं विचारलं. इतकी वर्षं हाच प्रश्न तिला विचारायचा होता. आज त्याची पुरेपूर किंमत मोजून झाली होती. आता न विचारता कसं राहायचं? "कपाळ पुसल्यावर कसं वाटलं?"

जयवंता पुष्करच्या डोक्यावरून हात फिरवत, खिडकीकडं बघत म्हणाली, "त्या दिवशी म्हाळसा आत्या पुढं येत हुत्या. त्यांचा हात तुला म्हाईत हाय. कुकू पुसायच्या आन् केसबी वढायच्या. म्हनून म्हनलं सरा, मीच पुसते. पुसताना मला लई रडू आलं. हात कुठं दाबतोय, कुठं न्हाय, ध्यान न्हवतं. तू डोळं मिटलं व्हतंस."

कौसल्येनं तिच्याकडं पाहिलं. जयवंताचं तोंड खिडकीकडंच होतं.

"खोटं," कौसल्या म्हणाली.

"बरं."

"खोटं बोलताय अक्का. मला वाईट वाटावं म्हनून."

जीप खड्ड्यात आदळली, तसा पुष्कर झोपेत कण्हला आणि त्याचा पाय कौसल्येच्या मांडीवर पडला. तिनं तो उचलून बाजूला ठेवला.

"खोटंच हाय," ती पुन्हा म्हणाली, या वेळी कुणाला उद्देशून नाही, आणि गावाचा फाटा येईपर्यंत दर थोड्या वेळानं तेच म्हणत राहिली.